मधलं पद फोडायचं का सरळ सूत्र लावायचं?

भाची दहावीला आहे, सांगलीत विश्रामबागला राहते, परवा फोनवर म्हणाली मामा वर्गसमीकरणाला फोड करत बसू का सूत्रच लावू. म्हटलं दोन्ही करून बघ की. घेतलं ६क्ष² + ११क्ष − ३५.

फोड करायची तर पहिला आणि शेवटचा आकडा गुणायचा, −२१० येतात, आता गुणाकार −२१० आणि बेरीज ११ असली जोडी शोधायची, २१ आणि −१०, ती घावली की ११क्ष च्या जागी २१क्ष − १०क्ष लिहायचं, मग ३क्ष(२क्ष + ७) − ५(२क्ष + ७), म्हणजे (३क्ष − ५)(२क्ष + ७), विषय संपला. पाढे पाठ असतील तर चार ओळींचं काम. पण जोडी नाही घावली तर पोरं तिथंच घाम पुसत बसतात, आणि क्ष² + ३क्ष + १ ला तर पूर्णांकात जोडीच नाही, शोधा किती पण.

सूत्राला असली कटकट नाही. विवेचक, म्हणजे मधल्या आकड्याच्या वर्गातून पहिल्या-शेवटच्या गुणाकाराची चौपट वजा, १२१ + ८४० = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग, उत्तरं (−११ ± ३१)/१२, म्हणजे ५/३ आणि −७/२. कधी पण चालतं. फक्त अवयव मागितले असतील तर (क्ष − ५/३)(क्ष + ७/२) लिहून थांबू नका, कंसांच्या आधीचा ६ लिहायचा राहून जातो, भाचीचा पण राहिलेला.

मी आधी विवेचक काढतो, पूर्ण वर्ग आला तरच फोडीच्या नादाला लागतो. भाची म्हणे मग अर्धं सूत्र झालंच की मामा, फोड कशाला? आता काय बोलणार.