अकरा महिने, तीन सायकल कॉम्प्युटर आणि एक खोडरबर

सध्या माझ्या सायकलच्या हँडलवर वेग आणि अंतर दाखवणारा जो कॉम्प्युटर आहे त्याला चार्जिंग लागत नाही, नकाशा येत नाही, फोनशी बोलता येत नाही, आणि तो बिघडला की सरळ शून्य दाखवतो. या शेवटच्या गुणाची किंमत कळायला मला अकरा महिने आणि साधारण ४,६०० किलोमीटर लागले.

कुठल्या कंपनीचं कुठलं मॉडेल हे मी मुद्दामच लिहीत नाही. मॉडेलं सारखी बदलतात, जात बदलत नाही. माझ्याकडे तीन जातींचे तीन नग होते: एक तारेचा, एक साधा बिनतारी आणि एक छोटा जीपीएसवाला. तिन्ही स्वस्त गटातले, फक्त तिसऱ्याला स्वस्त म्हणायचं ते इतर जीपीएसवाल्यांशेजारी ठेवून. तारेचा मी विकत घेतला, बिनतारी धाकट्या भावाने माझ्या गळ्यात मारला, जीपीएसवाला वाढदिवसाला मिळाला. मधले सात-आठ आठवडे तिघेही एकाच हँडलवर होते. विमानाच्या कॉकपिटसारखं दिसायचं. दिसू दे.

तारेच्या कॉम्प्युटरमधली युक्ती इतकी साधी आहे की ती कळली की निम्म्या शंका मिटतात. पुढच्या चाकाच्या एका आऱ्याला चुंबक, चाक धरणाऱ्या चिमट्याला सेन्सर. सेन्सरच्या पोटात काचेच्या इवल्याशा नळीत धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. चुंबक जवळून गेलं की त्या एकमेकींना चिकटतात, पुढे गेलं की सुटतात. कॉम्प्युटर हे चिकटणं मोजतो आणि तुम्ही भरलेल्या परिघाने गुणतो. १८९५ साली कर्टिस व्हीडर या अमेरिकन माणसाने सायकलचा सायक्लोमीटर, म्हणजे चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर मोजणारं यंत्र, काढला, त्यात आऱ्यावरचा खुंटा प्रत्येक फेरीला एका दातेरी चाकाला टोला द्यायचा. खुंट्याच्या जागी चुंबक आलं, बाकी विचार तोच.

बसवायला मला तासभर लागला, पैकी पाऊण तास तार गुंडाळण्यात. तार ब्रेकच्या केबलभोवती सैलसर पीळ देत वर न्यायची आणि हँडलजवळ थोडी ढिली सोडायची, नाहीतर हँडल पूर्ण वळवल्यावर ती ताणली जाते आणि नेमकी कॉम्प्युटर अडकवायच्या स्टँडपाशी तुटते. पुढे सस्पेन्शन असेल तर ढील आणखी जास्त हवी, कारण चिमटा खाली दबतो तेव्हा तारेलाही हालायला जागा लागते. चुंबक आणि सेन्सरमधली फट दोन-तीन मिलिमीटर ठेवली. डिस्क ब्रेकच्या किंवा सस्पेन्शनच्या जाड चिमट्यावर कधीकधी ही फट जुळतच नाही, सेन्सर आऱ्यांपासून फार लांब पडतो. घेण्याआधी हे आपल्या सायकलवर पट्टी लावून बघा. आरे चपटे असतील तर चुंबकाचा स्क्रू त्यांना धरतो का, तेही.

आता माझी चूक सांगते. मॅन्युअलमध्ये टायरच्या मापावरून परीघ सांगणारा तक्ता असतो; मापातला दुसरा आकडा म्हणजे टायरची रुंदी. ७००×२३ ला २०९६ मिलिमीटर, ७००×२८ ला २१३६, ७००×३२ ला २१५५, असा. माझे टायर तेव्हा ३२ चे होते, मी २१५५ भरलं आणि विसरले. पहिल्याच महिन्यात टायर बदलून २८ चे घातले. कॉम्प्युटरला कोण सांगणार? चार महिने तो बिचारा माझ्या जुन्या टायरवरून फिरत होता. जीपीएसवाला आल्यावर एका फेरीत त्याने ७८.९ दाखवले आणि तारेच्याने ७९.९. मी आधी अर्थातच जीपीएसला नावं ठेवली.

मग एका रविवारी मोकळ्या फरशीवर खडूने रेघ मारली, टायरमध्ये नेहमीची हवा भरली, व्हॅल्व बरोबर रेघेवर आणला आणि सायकलवर बसून सरळ रेषेत चाकाच्या पाच फेऱ्या होईपर्यंत ढकलत गेले. भावाने मागून सीट धरली होती आणि अखंड टोमणे मारत होता. बसूनच मोजायचं, कारण आपल्या वजनाने टायर दबतो आणि परीघ थोडा घटतो. पाच फेऱ्यांचं अंतर भागिले पाच: २१२८. म्हणजे तक्त्यातल्या २८ च्या आकड्यापेक्षाही कमी. मी भरलेल्या आकड्याशी फरक सव्वा टक्क्याचा. तोवर काढलेल्या १,६०० किलोमीटरमधले वीस मी कधी चालवलेच नव्हते. त्यातल्या एका 'शंभर' किलोमीटरच्या फेरीचा फोटो मी सगळ्यांना पाठवला होता, आणि ती भरते पावणेनव्व्याण्णव. त्याबद्दल अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर तारेच्या आणि जीपीएसवाल्याच्या अंतरात मोकळ्या रस्त्यावर शंभर किलोमीटरला दोन-तीनशे मीटरच्या वर फरक पडला नाही.

बिनतारी कॉम्प्युटरचं प्रकरण थोडक्यात आटोपते, कारण त्याने माझा वेळ भरपूर खाल्ला आहे. स्वस्तातल्या बिनतारीत बहुतेक साधा ॲनालॉग सिग्नल असतो. सेन्सर 'टिक' पाठवतो, कॉम्प्युटर कान लावून बसतो, आणि ती टिक नेमकी कोणाची हे त्याला कळत नाही. हँडलवरचा एलईडी दिवा लुकलुकत्या मोडवर टाकला की हा सायकल उभी असताना ताशी १२ दाखवायचा. एका फेरीनंतर भावाने मेमरी उघडून विचारलं, "ताई, तू ताशी ९४ ने कुठे गेली होतीस गं?" दिवा हँडलच्या दुसऱ्या टोकाला सरकवल्यावर हे बरंचसं थांबलं. पण त्याच जातीचा कॉम्प्युटर लावलेली सायकल शेजारून गेली की वेग पुन्हा उड्या मारायचा. विजेच्या मोठ्या तारांखाली तर नेहमीच. शिवाय यात दोन सेल लागतात, एक वरच्याला आणि एक सेन्सरला. सेन्सरचा उतरत आला की तो एकदम बंद पडत नाही, मधल्या मधल्या टिका गाळतो. मग वेग २४ च्या जागी १७ दिसतो आणि आपण म्हणतो आज पायात दम नाही. मी दोन आठवडे तसंच समजत होते. लोहाच्या गोळ्यासुद्धा सुरू केल्या होत्या!

२.४ गिगाहर्ट्झवर चालणारे डिजिटल सेन्सर, म्हणजे अँट प्लस किंवा ब्लूटूथवाले, हा गोंधळ करत नाहीत. प्रत्येक सेन्सरची ओळख वेगळी असते आणि जोडणी एकदा केली की शेजारचा मध्ये बोलत नाही. बिनतारीच हवा असेल तर खोक्यावर यांपैकी एक शब्द शोधा. तो नसेल तर तार बरी.

जीपीएसवाल्याबद्दल माझ्या मनात राग नाही, उलट अजूनही लांबच्या फेरीला तो सोबत येतो. फेरी घरी येऊन फोनवर उलगडून बघण्यात मजा आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण रोजच्या जाण्यायेण्याला त्याचे चोचले फार. बाहेर पडल्यावर उपग्रह सापडेपर्यंत थांबायचं. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर तीस सेकंदांनी नव्याने पाठवतो, ती पूर्ण हाती लागल्याशिवाय यंत्राला जागा ठरवता येत नाही, आणि ती माहिती चार-एक तासांत शिळी होते. फोनवरच्या ॲपने ती आधीच भरून ठेवली तर काम पटकन होतं. मी घाईत तशीच निघायचे, आणि नकाशावर पहिला अर्धा किलोमीटर लोकांच्या घरांमधून आरपार सरळ रेघ.

चढावर ताशी आठ-नऊने चालले असताना दाखवलेला वेग सहा ते अकरामध्ये झोके घेतो. झाडी दाट असेल, दोन्ही बाजूंना उंच इमारती असतील, तर आणखीनच, कारण सिग्नल भिंतींवर आपटून उशिरा पोचतो. बोगद्यात तर विचारूच नका. यावर उपाय आहे: चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, बसणारा वेगाचा सेन्सर. मग वेग आणि अंतर चाकावरून येतं, जागा उपग्रहावरून. पण तो वेगळा विकत घ्यायचा. म्हणजे फिरून फिरून पुन्हा चाकाच्या फेऱ्या मोजण्यावरच आलो.

उंचीचा आकडा माझ्या नगात हवेच्या दाबावरून येतो. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो, आणि हा हिशेब चांगला नाजूक चालतो. फक्त हवामान बदललं की दाब जागच्या जागीही बदलतो. एकदा वादळ येणार म्हणून दोन तास एका छपराखाली बसले होते. उठले तेव्हा यंत्राच्या मते मी तीसेक मीटर चढले होते. बसल्याबसल्या. शिवाय दाब मोजायच्या भोकावर पावसाचं पाणी बसलं की ते सुकेपर्यंत उंची वाटेल ती. स्वस्त मॉडेल घेताना त्यात दाबमापक आहे की उंची नुसती उपग्रहावरून काढतात हे बघून घ्या. नुसत्या उपग्रहावरची उंची अंतराइतकी खात्रीची नसते.

बॅटरीबद्दल खोक्यावर २५ तास लिहिलं होतं. नवा असताना दिव्याशिवाय २१-२२ मिळाले, आता १७. वाईट नाही. वाईट हे की चार्जिंग संपल्याचं नेहमी निघतानाच कळतं, आणि फेरीची नोंद सुरू करायचं बटण दाबायला मी दर चार-पाच फेऱ्यांमागे एकदा विसरते. चाक फिरलं की आपोआप सुरू होणं या एका गोष्टीवर तारेच्याने माझं मन जिंकलं. त्याचा सीआर २०३२ सेल अजून पहिलाच आहे.

तारेच्यानेही एकदा दगा दिला. भर पावसाळ्यात निघाले, पडद्यावर शून्य. चुंबक जागेवर, तार धड. पण खोट शोधायला जागा तीनच: चुंबक, तार, संपर्क. कॉम्प्युटर स्टँडमधून काढला तर खालच्या दोन धातूच्या टिकल्यांवर हिरवट थर चढलेला. पाऊस आणि घाम. पेन्सिलीच्या खोडरबराने दोन्ही बाजू घासल्या, पुसल्या, लावला, चालू. तेव्हापासून महिन्यातून एकदा खोडरबर फिरवते. ९४ चा आकडा दाखवणाऱ्याला असं काहीच करता येत नव्हतं, कारण खोट नक्की कुठे आहे तेच तो सांगायचा नाही. २४ च्या जागी दिसणाऱ्या सतराचं तर त्याहून वाईट, ते खोटं आहे असं वाटतसुद्धा नाही. परिघाची चूक त्याच जातीची होती, पण ती माझी होती आणि एका रविवारात मिटली.

पाण्याचं म्हणाल तर जीपीएसवाल्यावर आयपीएक्स ७ लिहिलं आहे. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, त्यामुळे सायकल धुताना नळी रोखण्याआधी यंत्र काढून ठेवते. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट दाबलं नसेल तर कुठलाच आकडा कामाचा नाही.

स्टँडकडे कोणी लक्ष देत नाही, मीही दिलं नव्हतं. जीपीएसवाल्याचे पाव फेरी फिरवून अडकणारे प्लॅस्टिकचे कान सातव्या महिन्यात झिजले आणि एका खड्ड्यात ते यंत्र उडून रस्त्याकडेच्या गवतात गेलं. सापडलं, कारण मी पंधरा मिनिटं गुडघ्यांवर रांगत होते. आता त्याला दोरी बांधलेली आहे. नवीन घेताना स्टँड सुटा मिळतो का हे आधी विचारा.

आणि अक्षरं. चाळिशी लागलेल्यांनी दुकानात कॉम्प्युटर हातात घेऊन नाही, हात लांब करून, थोडा हलवत, चष्म्याशिवाय वाचून बघावा. एका पडद्यावर आठ आकडे कोंबणारी मॉडेलं मला खडबडीत रस्त्यावर नुसती राखाडी दिसतात. वेग मोठा, खाली एक ओळ, बस्स.

तारेच्यात जे नाही ते नाही. पॅडलचे फेरे तो मोजत नाही. घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पॅडल मारायच्या चौकटीवर, सायकल लावली तर पुढचं चाक थांबलेलं, म्हणून तो शून्यच दाखवतो. मागच्या चाकाला सेन्सर लागतो, आणि तिथवर माझी तार पोचत नाही. सेल बदलला की एकूण किलोमीटर पुसले जातात. काही मॉडेलांत जुना आकडा परत भरता येतो, माझ्यात येतो, पण तो आधी कुठेतरी लिहून ठेवलेला हवा. मी स्टँडखाली चिकटपट्टीवर परीघ लिहून ठेवला आहे, २१२८, आणि एकूण अंतर दर महिन्याच्या एक तारखेला कॅलेंडरवर.

बिनतारी भावाला परत दिला. त्याने तो आता आईच्या सायकलला लावलाय आणि तिला सांगत नाहीये की दिवा लावल्यावर ती एवढी वेगाने का जाते.