स्टार्टर दुरुस्तीला द्यायचा असेल तर : शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

आमच्या वर्कशॉपात हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचं लेथ मशीन आहे. आप्पांनी १९७४ साली घेतलं. बेडला अजून कुठं झीज नाही, पण विजेच्या भागानं महिनाभर जीव खाल्ला होता. ड्रम स्विच (मोटर सुलट-उलट फिरवायचा खटका) फॉरवर्डला टाकला की मोटर नुसती घुमायची. चक, म्हणजे जॉब पकडणारा फिरता भाग, हातानं ढकलून दिला की मग पळायची. दोघा जणांनी बघून एकच सांगितलं, जुनं सगळं काढा, नवीन पॅनेल बसवा.

मग उद्यमनगरात एका मिस्त्रींकडं गेलो. दुकानाला पाटी नाही, दारात जुन्या स्टार्टरच्या, म्हणजे बटणानं मोटर चालू-बंद करणाऱ्या, पेट्यांची चळत असते. ते वर्कशॉपात आले आणि आधी टेस्ट लॅम्प लावून तिन्ही फेज बघितल्या. ड्रम स्विचपर्यंत तिन्ही येत होत्या, पुढं दोनच. झाकण उघडलं तर करंट जोडणारं तांब्याचं एक बोट जळून अर्धं झालेलं, मागचं बॅकेलाइट मात्र शाबूत. तसल्या मापाचं बोट बाजारात मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी तांब्याच्या पट्टीतून घडवून बसवलं. बाकीची बोटं बारीक कानशीनं साफ केली. स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टना मात्र कानस लावू दिली नाही. त्यांच्या टोकांना चांदी असते, काळी पडली तरी करंट नेते, घासली तर चांदीच जाते.

खरं काम पुढंच होतं. स्टार्टर उघडून ते थांबले. "मालक, ही तार कुणी घातलीया?" आधीच्या कुणी तरी हिरव्या बटणाच्या दोन टोकांत तार टाकून बटण कायमचं दाबल्यासारखं करून ठेवलं होतं. बटण सोडल्यावरही स्टार्टर चालू ठेवणारा होल्डिंगचा कॉन्टॅक्ट गेला होता, त्यावर हा उपाय! म्हणजे लाइट जाऊन आली की मशीन आपोआप सुरू. चकात चावी राहिली असती तर? माझा पोरगा त्या मशीनवर शिकतोय. मी ते ऐकून खाली बसलो. "ही काढल्याशिवाय मशीन चालू करून देणार न्हाई," म्हणाले, आणि नवा कॉन्टॅक्ट घातला.

मोटर तीन एचपीची, नेमप्लेटवर ४.८ अँपिअर. करंट जास्त झाला की मोटर बंद करणारी रिले ६ ते १० अँपिअरची बसवलेली होती, म्हणजे मोटर तापली तरी वेळेवर ट्रिप होईलच याची खात्री नव्हती. एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजांवर त्याच लोडला करंट पावणेदोनपटीच्या आसपास जातो. ती बदलून ४.५ ते ७.५ ची घातली, ४.८ वर लावली. पट्टा उतरवून मोटरची दिशा बघितली, मग लोडवर टाँग टेस्टरनं तिन्ही फेजांचा करंट मोजून मला दाखवला.

सामानासह २,६०० रुपये झाले. गुरुवारी देतो म्हणून शनिवारी दिलं आणि मधल्या दोन दिवसांत फोन उचलला नाही, हे मला पटलं नाही. ऑर्डर अडकलेली असेल तर तारीख पक्की करूनच काम द्या. पण पुढच्या वेळीही मी त्यांच्याकडंच जाणार.

सोमवारी दुपारी जॉब चालू असताना लाइट गेली, दहा मिनिटांनी आली. ड्रम स्विच फॉरवर्डलाच होता. मशीन जागचं हललं नाही. पोरानं टूल मागं घेतलं आणि मग हिरवं बटण दाबलं.