साडेएकोणीस हजारांचे डिस्क ब्रेक

बाबांनी 1986 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली फियाट, आमच्याकडे अजून चालू स्थितीत आहे आणि महिन्यातून दोन-तीनदा ती रस्त्यावर निघावी असा माझा आग्रह असतो. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमला आतून लायनर घासून गाडी थांबते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की नंतरचे एक-दोन ब्रेक नीट लागत नाहीत, आणि पुण्याच्या आजच्या रहदारीत पुढची दुचाकी अचानक थांबली की छातीत धस्स होते. त्यामुळे पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी चकती दोन्ही बाजूंनी पॅडने दाबणारे ब्रेक, बसवून घ्यावेत हा विचार बरीच वर्षे मनात होता. गेल्या हिवाळ्यात या कामात माझी फसवणूक झाली. ती केवळ पैशांची असती तर मी गप्प बसलो असतो. परंतु त्या गाडीत घाट उतरताना माझ्याबरोबर माझी पत्नी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई होती.

दोन ठिकाणी चौकशी केली तेव्हा पंचेचाळीस ते पंचावन्न हजारांचा खर्च सांगण्यात आला. तिसऱ्या गॅरेजवाल्याचे नाव ओळखीतून मिळाले होते. तो म्हणाला, “काका, एवढे पैसे कशाला घालता? मारुतीचे डिस्क आणि कॅलिपर बसतात. मी कितीतरी फियाट केल्यात. साडेएकोणीस हजारांत सगळा नवा माल घालून देतो.” कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा पकडीसारखा भाग. बारा हजार रुपये आगाऊ द्यायचे ठरले. पक्के बिल मागितले तेव्हा बिल घेतल्यास जीएसटीमुळे रक्कम वाढेल असे त्याने सांगितले आणि मी तो विषय तिथेच सोडला. कोणता भाग कोणत्या गाडीचा, नवा की जुना, पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल नळ्यांत ढकलणारा मास्टर सिलिंडर बदलणार की नाही, यातले काहीही कागदावर आले नाही. पुढे जे झाले त्याची वाट तिथेच मोकळी झाली होती.

नऊ दिवसांनी गाडी मिळाली. चाकाच्या जाळीतून चकचकीत डिस्क दिसत होत्या, कॅलिपरला लाल रंग दिलेला होता. पेडल बरेच जड लागत होते. “नवीन पॅड आहेत, घासून बसले की हलकं होईल,” असे उत्तर मिळाले. नवे पॅड डिस्कवर बसायला थोडे अंतर लागते हे खरे असल्यामुळे मला ते पटले. ब्रेक मारताना गाडी किंचित डावीकडे ओढत होती, त्याला अलाइनमेंटचे कारण देण्यात आले. जुने ड्रम मागितले तर ते भंगारात गेल्याचे आणि त्याचे पैसे किमतीतून आधीच वजा केल्याचे त्याने सांगितले. गल्लीतून दोन किलोमीटरची फेरी मारून मी उरलेले पैसे दिले. असल्या कामातला खरा दोष दोन किलोमीटरमध्ये कधीच दिसत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही पाचगणीला गेलो. परत येताना पसरणी घाट उतरायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या वळणाला जळका वास येऊ लागला. गाडी दुसऱ्या गिअरमध्येच होती, वेगही बेताचा होता. आणखी दोन वळणांनंतर पेडल दाबले ते कुठेही न अडता खाली गेले. पुन्हा पुन्हा दाबल्यावर थोडासा जोर आला आणि गेला. स्टिअरिंगखालचा गिअर कसाबसा पहिल्यावर टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या मातीत चाके घालून गाडी थांबवली. पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेववत नव्हता. अर्ध्या-पाऊण तासाने चाके निवल्यावर पेडल आपोआप पूर्वीसारखे लागू लागले. ब्रेक ऑइल उकळले होते याची ती खूण होती. आई त्या वेळात एक शब्दही बोलली नाही आणि वाईला पोहोचेपर्यंत तिने समोरच्या सीटची कड सोडली नाही.

वाईत फियाटची कामे केलेले एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी पुढचे चाक जॅकवर घेतले, ब्रेक एकदा दाबून सोडायला लावला आणि चाक हाताने फिरवायला सांगितले. ते फिरत नव्हते. ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला धरूनच राहत होते.

यामागचे कारण मी नंतर समजून घेतले आणि ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. ड्रममध्ये लायनर मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात, आणि चाकाजवळच्या सिलिंडरांतील रबरी वाट्यांमधून हवा आत शिरू नये म्हणून अशा अनेक जुन्या यंत्रणांत मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक लहान झडप ठेवलेली असते. ब्रेक सोडल्यावरही ती नळीत थोडा दाब राखून ठेवते. स्प्रिंगांपुढे त्या दाबाचे काही चालत नाही. डिस्कच्या कॅलिपरमध्ये मात्र अशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीची रबरी सील त्याला केसभर मागे घेते, तेवढेच. त्यामुळे तोच शिल्लक दाब पॅडला सतत डिस्कवर टेकवून ठेवतो. सपाट रस्त्यावर थोड्या अंतरात काही कळत नाही, घाटात मात्र उष्णता साचत जाते. डॉट 3 प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. हवेतील ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडलचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही.

जड पेडलचे कारणही यंत्रणेतच होते. ड्रममध्ये फिरणारा ड्रम स्वतःच पुढच्या लायनरला आपल्याकडे ओढून घेतो आणि पायाच्या जोरात भर पडते. डिस्कला ही मदत मिळत नाही, म्हणून तिला नळीत जास्त दाब लागतो आणि त्यासाठी इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बसवावा लागतो. कॅलिपरचा पिस्टन मोठा असल्याने त्याला ऑइलही जास्त लागते, म्हणजे मास्टर सिलिंडर त्या मापाचा निवडावा लागतो. आणि पुढे डिस्क, मागे ड्रम अशी जोडी असेल तर दोन्हींच्या नळ्या वेगळ्या ठेवणारा टँडम मास्टर सिलिंडर घालणे योग्य ठरते. पंचेचाळीस हजार सांगणाऱ्यांच्या हिशेबात या गोष्टी धरलेल्या होत्या. माझ्या गाडीत बूस्टर नव्हता आणि मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला होता. चाकातून जे दिसते तेवढेच मला विकण्यात आले होते.

पुण्यात चाके उघडल्यावर उरलेल्या गोष्टी बाहेर आल्या. दोन्ही कॅलिपर वेगवेगळ्या गाड्यांचे होते आणि त्यांच्या पिस्टनचे व्यास सारखे नव्हते. गाडी डावीकडे ओढत होती ती त्यामुळे. उजवीकडचा कॅलिपर उलटा बसवल्याने हवा काढायचा निपल खालच्या बाजूला आला होता, म्हणजे त्यातली हवा पूर्ण निघणे शक्यच नव्हते. डिस्क भंगारातून आणून लेथवर घासलेल्या होत्या. किमान जाडीचा आकडा सामान्यतः डिस्कवर उमटवलेला असतो. या दोन्हींवर त्या जागी ग्राइंडर फिरवलेला होता. पाच वेळा मला “नवा माल” असा संदेश पाठवणाऱ्या माणसाने तो आकडा काय सांगतो हे नीट जाणूनच तो पुसला होता, आणि हे मी त्याला माफ करू शकत नाही.

सर्वांत भयंकर होते ते स्टिअरिंग नकलचे. चाकाचा आणि स्टिअरिंगचा सगळा भार घेणारा हा घडीव भाग. कॅलिपर धरण्यासाठी योग्य मापाचा ब्रॅकेट तयार करून तो मूळ बोल्टांच्या भोकांवर कसायचा असतो. त्याऐवजी साधी लोखंडी पट्टी गॅसने कापून थेट नकलवर वेल्ड केली होती. घडीव पोलादाला असे वेल्डिंग केले की जोडाभोवतीचा धातू ठिसूळ होऊन त्याला तडा जाण्याची शक्यता असते. भोसरीतल्या एका कारखान्यात लाल रंगाचे द्रव लावून तडे शोधण्याची तपासणी करून घेतली. डाव्या नकलवर वेल्डच्या कडेने बोटाच्या पेराएवढी तड्याची रेघ उमटली.

दोन्ही नकल, ड्रम, लायनर आणि चाकाचे सिलिंडर यांसाठी मी नाना पेठेत आणि नंतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळून पाच फेऱ्या केल्या. ज्या कुर्ल्यात ही गाडी बनली तिथेच तिचे भाग जुन्या बाजारात शोधावे लागले. माझे स्वतःचे ड्रम चांगल्या स्थितीत होते. ते भंगारात गेले नव्हते, दुसऱ्या पद्मिनीवाल्याला विकले गेले होते, हे त्याच गॅरेजमधल्या मुलाकडून कळले. मूळ स्थितीत येण्यासाठी एकतीस हजार खर्च झाले. गॅरेजवाला आता फोन उचलत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी तक्रार दाखल केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर प्राथमिक मार्गदर्शनही मिळते. बिल नसल्यामुळे माझ्याकडे यूपीआयची नोंद, त्याचे संदेश, छायाचित्रे आणि तपासणीचा अहवाल एवढेच पुरावे आहेत. “पासिंगला काही अडचण येत नाही” हे त्याचे म्हणणेही मी तपासले नव्हते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांना कामाआधी लेखी विचारायला हवे होते.

नवे लायनर ड्रमला जुळवून बसवले, सिलिंडरांतील रबरी वाट्या, होज पाइप आणि ऑइल बदलले, तेव्हा ही गाडी इतकी सरळ आणि बेताने थांबू लागली की हे काम मी आधी का केले नाही याचे वाईट वाटते. ज्यांना डिस्कच हवे आहेत त्यांनी मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि ब्रॅकेट यांचा उल्लेख असलेला लेखी अंदाज घ्यावा, आणि उरलेले पैसे देण्यापूर्वी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवून पाहावे. ज्यांची गाडी आज अशा कामासाठी गॅरेजमध्ये उभी आहे त्यांनी कृपया उद्या सकाळीच तिथे जाऊन आपले काढलेले ड्रम, लायनर आणि हब मोजून घरी आणावेत.