स्टीलचा कॉफी फिल्टर: घेताना काय पाहावं आणि आत कोणती पूड घालावी

दूध घालून दाट कॉफी पिणाऱ्या घराने दुसरं कोणतंही यंत्र घेण्याआधी दाक्षिणात्य पद्धतीचा स्टीलचा फिल्टर घ्यावा. दोन-तीन कपांचा साधा फिल्टर पाचशे रुपयांच्या आत मिळतो, त्याला वीज लागत नाही, कागद लागत नाही आणि नीट वापरला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. काळी कॉफी पिणाऱ्यांसाठी मात्र तो नाही. त्यातून उतरणारं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, दुधाच्या जोडीसाठीच असतं, पाणी घालून ते वाढवलं की बेचव लागतं.

दुकानात फिल्टर उघडून बघा. त्यात एकावर एक बसणारी दोन भांडी असतात: वरच्यात पूड आणि पाणी घालायचं, खालच्यात डिकॉक्शन उतरतं. वरचं भांडं उजेडाकडे धरलं की तळाची भोकं बारीक, एकसारखी आणि आरपार दिसली पाहिजेत. मोठी भोकं असतील तर पूड खाली येते आणि कपात गाळ बसतो. वरचं भांडं खालच्यात सरळ बसावं. डुगडुगत असेल तर ओतताना कलंडतं, फार घट्ट असेल तर गरम झाल्यावर अडकून बसतं. पुडीवर ठेवायची दांडीची चकती वरच्या भांड्याच्या आतल्या घेरापेक्षा जेमतेम लहान असावी. पितळी फिल्टर दिसायला देखणा, पण आतून कल्हई असेल तरच घ्या. आणखी एक गोष्ट बरेच जण चुकतात: दोघांच्या घरात सहा कपांचा फिल्टर. रुंद तळाच्या भांड्यात पूड कमी पडली की तिचा थर पातळ होतो, पाणी भर्रकन निघून जातं आणि कॉफीत दम राहत नाही.

खरा फरक पडतो तो पुडीने. पाकिटावर सगळ्यात आधी भाजल्याची तारीख शोधा, वापरण्याची शेवटची तारीख पुरेशी नाही. भाजल्यावर बियांमधून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. त्यामुळे चार-पाच दिवसांनी चव स्थिरावते आणि महिनाभर तरी चांगली राहते. दळलेली पूड पंधरा दिवसांत संपवावी. म्हणून एका वेळी २५० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर १०० ग्रॅमच बरी, कारण पूड हवेतली ओल पटकन ओढते. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि फ्रिजमध्ये ठेवू नये. तिथे तिला ओल आणि इतर पदार्थांचा वास दोन्ही लागतात.

माटुंग्यासारख्या ठिकाणी, जिथे समोर भाजून-दळून देतात, तिथे फळ्यावर पीबेरी, प्लँटेशन ए अशी नावं दिसतात. पीबेरी म्हणजे ज्या फळात दोनऐवजी एकच गोल बी धरते ती. प्लँटेशन ए ही धुऊन तयार केलेली अरेबिका, म्हणजे कॉफीची सौम्य, सुवासिक जात. त्यातला ‘ए’ बीचा आकार सांगतो, चव नाही. या दोन्हींचं निम्मं-निम्मं मिश्रण फिल्टरसाठी उत्तम सुरुवात आहे. कडक आणि भरीव कॉफी हवी असेल तर चौथा हिस्सा रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी, जास्त कडक जात घालून घ्या. आंबटपणा अजिबात चालत नसेल तर मान्सून्ड मलबार घ्या. मलबार किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात ठेवून या बिया फुगवतात, त्यामुळे आम्लता उतरते. भाजणी मध्यम ते गडद असावी, हलकी भाजलेली कॉफी दुधात आंबूस आणि पातळ लागते.

चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती एका मुळाची भाजून केलेली पूड. तिला नाक मुरडू नका, पण प्रमाण वाचा. नियमानुसार मिश्रणात निम्म्याहून जास्त कॉफी असावीच लागते आणि टक्केवारी पाकिटावर छापावी लागते. ८०:२० मध्ये, म्हणजे ८० टक्के कॉफी आणि २० टक्के चिकोरीत, रंग आणि दाटपणा येतो, कॉफीचा वासही टिकतो. ६०:४० मध्ये चिकोरीचा गोडसर कडूपणाच पुढे येतो. चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे ती जास्त असली की फिल्टर तुंबतो.

घरी दळायचं असेल तर पूड बारीक रव्याहून किंचित बारीक हवी, पण हळदीइतकी नको. मिक्सरमध्ये सलग फिरवू नका, तीन-तीन सेकंदांचे झटके द्या आणि मध्ये भांडं हलवा, नाहीतर पूड तापते आणि खाली भुकटी, वर कण्या राहतात.

कृती अशी. कोरड्या फिल्टरमध्ये २० ग्रॅम पूड घाला, म्हणजे चार सपाट टेबलस्पून. भांड्याला हलकेच ठोकून थर सपाट करा. चकती ठेवा, फक्त टेकवा, दाबू नका. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबा. आधी ३० मिली पाणी गोल फिरवत घाला, पूड भिजून फुगू द्या. अर्ध्या मिनिटाने उरलेलं ९० मिली घाला आणि झाकण ठेवा. १५-२० मिनिटांत साधारण ८० मिली डिकॉक्शन उतरतं, बाकीचं पाणी पूड पिऊन घेते.

तीन मिनिटांतच सगळं खाली आलं तर पूड जाड आहे किंवा थर सैल राहिला आहे. अर्ध्या तासानंतरही थेंब पडत नसेल तर लगेच पूड ढवळू नका. बहुतेक वेळा खालच्या भांड्यात कोंडलेली हवा पाण्याला अडवते. वरचं भांडं कपड्याने धरून जरासं उचला आणि परत ठेवा, धार सुरू होते. तरीही अडलं तर पूड फार बारीक, चकती दाबलेली किंवा भोकं बुजलेली. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी घातलं की येतो तो नुसता कडवट रंग, पहिल्या डिकॉक्शनमध्ये तो मिसळू नये.

कपात आधी २५-३० मिली डिकॉक्शन, त्यावर १०० मिली नुकतंच उकळलेलं घट्ट दूध. डिकॉक्शन गॅसवर ठेवू नये, वास उडून जातो आणि कडूपणा मागे राहतो. सकाळचं संध्याकाळी वापरायचं तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि कपात दूध मात्र कडकडीत घाला.

रोज नुसत्या गरम पाण्याने धुवा, साबणाचा वास भोकांत राहतो. धार मंदावू लागली तर रिकामं, कोरडं वरचं भांडं चिमट्याने धरून तळ मिनिटभर आचेवर तापवा. भोकांतली पूड जळून सुटते. गार झाल्यावर उलटं ठोका आणि जुन्या दातांच्या ब्रशने बाहेरून घासून घ्या.