सिलिकॉन स्टिकर: पाचपैकी साडेतीन

येवल्याजवळ दीड एकर उन्हाळ कांदा आणि शाळेत गणित, अशी माझी दोन खाती. यंदा फुलकिड्याच्या (पातीतला रस शोषणारी बारीक कीड) आंतरप्रवाही, म्हणजे पातीत शिरून काम करणाऱ्या औषधासोबत दुकानदाराने सिलिकॉन स्टिकरची, म्हणजे फवारा पातीवर पसरवणाऱ्या द्रवाची, १०० मिलीची बाटली न मागता पिशवीत टाकली. "सर, टाकून तर बघा!"

कांद्याची पात उभी, गोल, मेणचट. साधं पाणी मारलं की थेंब घरंगळून थेट मातीत. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल ठेवणारी ओढ, मीटरला ७२ मिलिन्यूटनच्या आसपास असतो, सिलिकॉन तो २०-२२ वर आणतं. १५ लिटरच्या पंपात ५ मिली टाकलं आणि पातीवर थेंब दिसेचनात, नुसती ओल. इथपर्यंत पैसे वसूल.

पण पसरलं म्हणजे आत गेलं असं नाही. रविवारी एक्सेल उघडलं. मेणाच्या थरातून औषध झिरपतं ते फिकच्या नियमाने: बाहेरच्या-आतल्या तीव्रतेत फरक जास्त तितका वेग जास्त, थर जाड तितका कमी. ओल चौपट जागेवर पसरली तर शोषणही चौपट वेगाने. खूश झालो. मग सुकण्याचा रकाना भरला. पसरलेली ओल वाळतेही साधारण चौपट वेगाने! आणि औषध वाळून पातीवर बसलं की आत जाणं फारच मंदावतं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

म्हणजे खरी किल्ली हवेच्या दमटपणात. पहिली फवारणी भर दुपारी केली होती, पात बघता बघता कोरडी. दुसरी संध्याकाळी साडेपाचला. ओल बराच वेळ टिकली आणि चौथ्या दिवशी पोंग्यात (पातीच्या मधल्या बेचक्यात) फुलकिडे शोधावे लागले. (दोन फवारण्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्या पोराला मी वर्गात उभं करतो, तो भाग वेगळा.) किडीला नुसतं लागून मारणाऱ्या स्पर्शजन्य औषधाचं गणित निराळं, तिथे पसरणं हेच निम्मं काम.

दीड गुण कापले ते असे. लेबलवर 'पंपास ५ ते १० मिली'. पंप १५ लिटरचा की २० चा? जास्त ओतलं तर द्रावण पातीवरून ओघळून जातं. शिवाय आमच्या बोअरचं पाणी अल्कधर्मी, त्यात सिलिकॉनचं विघटन होतं. रात्री ड्रममध्ये कालवून ठेवलेलं सकाळी मारलं तर थेंब पुन्हा गोल! याबद्दल लेबलवर अवाक्षर नाही. झाकणाला मापाच्या खुणाही नाहीत. मी मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणली, ती आता पंपाच्या पट्ट्यालाच बांधलेली असते.