पिक्चर ट्यूब गेली म्हणाला, बिल पण लावलं, ट्यूब मात्र जुनीच

जुना डबा टीव्ही अजून वापरत असाल तर हे वाचा.

आमच्या टीव्हीचं चित्र वरून दाबलं जायला लागलं, माणसांची डोकी चपटी, वर पांढऱ्या रेघा आणि खाली काळी पट्टी, टीव्ही जरा गरम झाला की थोडं सुधारायचं. मेकॅनिक आला, मागचं झाकण पण उघडलं नाही, उभ्याउभ्याच म्हणाला पिक्चर ट्यूब गेलीय, दुकानात न्यावा लागेल. टीव्ही परत आला तेव्हा चित्र एकदम झकास, बिलावर "पिक्चर ट्यूब बदलली". जुनी ट्यूब मागितली तर म्हणे ती एक्स्चेंजमध्ये जाते.

नंतर आवाज बंद झाला म्हणून दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने मागून उघडलं आणि हसायलाच लागला. ट्यूबच्या मानेवर, म्हणजे मागच्या निमुळत्या भागावर, वर्षानुवर्षांची धूळ थरासकट, मानेवरच्या मॅग्नेटच्या रिंगा फॅक्टरीत जो रंग लावून पक्क्या करतात तो रंग जसाच्या तसा, योक म्हणजे मानेवर बसवलेलं तारांचं वेटोळं, त्याखालचे रबरी तुकडे त्याच जुन्या पिवळ्या पडलेल्या गोंदाने चिकटलेले. ट्यूब बदलायची तर योक काढावंच लागतं, रिंगा परत सेट कराव्या लागतात, म्हणजे हे सगळं हललं पाहिजे ना! बोर्डवर मात्र व्हर्टिकल आयसीशेजारी (चित्र वरखाली पसरवणारी चिप) एक कोरा कपॅसिटर, आजूबाजूचं सोल्डर काळपट आणि याचं तेवढं चकचकीत. किरकोळ पार्ट टाकून ट्यूबचे पैसे घेतले साहेबांनी. त्या पहिल्याला फोन केला तर म्हणतो, "आम्ही धूळ पुसत नाही, ते काम वेगळं."

आता ट्यूबचं चित्राच्या आकाराशी तसं काही देणंघेणं नसतं, पडद्यावर चित्र उमटवणारा बीम (इलेक्ट्रॉनचा झोत) वरखाली आणि आडवा फिरवतं ते योक आणि त्याला करंट देणारं सर्किट, त्यामुळे चित्र दाबलं गेलं, दुमडलं, नुसती एक आडवी रेघ उरली किंवा कडा आत वाकल्या तर संशय आधी सर्किटवर, म्हणजे कपॅसिटर, आयसी नाहीतर ड्राय सोल्डर (तडकलेला, नीट न चिकटलेला जोड). गरम झाल्यावर सुधारणं हे तर म्हाताऱ्या कपॅसिटरचं ठरलेलं लक्षण. ट्यूब खरंच थकली की चित्र अंधुक होतं, यायला वेळ लागतो, उजेडाचे भाग फासल्यासारखे दिसतात, एखादा रंगच गायब होतो, पण डोकी चपटी होत नाहीत.

कोपऱ्यात हिरवे-जांभळे डाग पडले तरी हे लोक ट्यूबच सांगतात. आधी शेजारचा स्पीकर लांब करा, टीव्ही रिमोटने नाही तर मेन स्विचने बंद करा, अर्धा तास थंड होऊ द्या आणि मग चालू करा, कारण आतली डीगॉसिंग कॉइल (ट्यूबला लागलेलं चुंबकत्व घालवणारं वेटोळं) बहुतेक सेटमध्ये मेन स्विच चालू करतानाच चालते. असं काही वेळा करूनही डाग राहिले तर कॉइलसोबतचा पॉझिस्टर (कॉइलला सुरुवातीला करंट देऊन मग तो कमी करणारा पार्ट) तपासायला सांगा. टीव्ही जोरात आपटला असेल तर मात्र पडद्यामागची, बीम योग्य रंगाच्या ठिपक्यावर पाडणारी जाळी सरकलेली असू शकते, मग दोष खरंच ट्यूबचा.

झाकण स्वतः उघडू नका हं, रंगीत ट्यूबला वीसपंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. मेकॅनिकलाच समोर उघडायला लावा, ट्यूबवरच्या स्टिकरचा नंबर आणि मानेचा फोटो लांबूनच काढून ठेवा, आणि ट्यूब बदलणार असेल तर जुनी परत हवी हे टीव्ही घराबाहेर जायच्या आधीच पावतीवर लिहून घ्या.