एकाच खुर्चीसाठी दोघे: ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ लावावा की ‘द प्रमोशन’?

शनिवारची रात्र. आठवडाभर ऑफिसात डोक्याचं भरीत झालेलं, आणि तरीही ऑफिसातल्या कुरघोड्यांवरचाच एखादा विनोदी सिनेमा बघायची खुमखुमी. अशा माणसासाठी दोन अमेरिकन सिनेमे आहेत: २००६ चा ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ आणि २००८ चा ‘द प्रमोशन’. दोन्ही मोठ्या दुकानात घडतात. दोन्हींत एका मानासाठी दोन बाप्ये एकमेकांच्या पायात पाय घालतात. नुसती गोष्ट ऐकली तर एक सिनेमा दुसऱ्याची झेरॉक्स वाटेल. म्हणूनच लोक एक समजून दुसरा उचलतात आणि मग करवादतात.

दोन्हींबद्दल प्रेक्षकांची मतं चांगलीच फाटलेली आहेत. कुणी पाचात पाच देतं, कुणी अर्ध्यात बंद करतं. समीक्षकांचं म्हणाल तर त्यांची परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर पहिल्याला शंभरात जेमतेम वीसच्या आसपास, दुसऱ्याला पन्नासच्या आसपास. एवढ्यावरून ठरवायला गेलात तर फसाल. वीसवाला बघून माझे तीन मित्र गडाबडा लोळले होते आणि पन्नासवाला बघताना त्यातलाच एक झोपला.

आधी ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’. सुपर क्लब नावाचं अवाढव्य दुकान, सभासद होऊन घाऊक खरेदी करायचं. चित्रीकरण बरंचसं न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या कॉस्टको नावाच्या अशाच एका खऱ्या दुकानात झालंय, त्यामुळे छताला भिडलेले मांडण्यांवरचे खोके सेटचे वाटत नाहीत. झॅक (डेन कुक) तिथे दहा वर्षं खोकी उचलतोय, आजीकडे राहतोय आणि त्याचं बरं चाललंय. विन्स (डॅक्स शेपर्ड) दुकानातला सगळ्यात चलाख कॅशियर, सलग सतरा महिने ‘महिन्याचा मानकरी’. अठराव्यांदा मान मिळाला की बक्षीस म्हणून शेव्हरले मालिबू गाडी, तीही ‘जवळजवळ नवी’. इतक्यात एमी (जेसिका सिम्पसन) दुसऱ्या शाखेतून बदलून येते आणि दुकानात कुजबुज सुरू होते, की ही फक्त मानकऱ्यांनाच भाव देते. झालं. दहा वर्षं हातपाय न हलवलेला झॅक एकदम वेळेवर यायला लागतो.

या सिनेमात मला सगळ्यात आवडलं ते दुकानातलं जातिवंत उच्चनीच. कॅशियरांचा थाट वेगळा, हमालांचा वेगळा. भिंतीवर नावापुढे सोनेरी चांदण्या चिकटवायच्या, अगदी बालवाडीसारख्या, आणि पस्तिशीचे पुरुष त्या चांदण्या मोजत उभे. ज्यांना चांदण्या मिळायची आशाच नाही, त्यांनी खोक्यांच्या ढिगात वर लपवून आपला अड्डा केलाय. तिथे पत्ते कुटत बसलेली मंडळी बघितली की कुठल्याही कारखान्यातला, कुठल्याही सरकारी कचेरीतला जिन्याखालचा चहाचा कोपरा आठवतो. त्यातला इक्बाल म्हणजे ब्रायन जॉर्ज. ‘द बिग बँग थिअरी’मध्ये राजचे बाबा झालेले तेच. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हा चेहरा दिसला की उगाच घरचं कुणीतरी आल्यासारखं वाटतं. मॅनेजरांची नावं ग्लेन गॅरी आणि ग्लेन रॉस. ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’ हे अमेरिकन नाटक माहीत असणारा इथे गालात हसेल, बाकीच्यांचं काही अडत नाही.

सिनेमा न आवडलेल्यांच्या तक्रारी साधारण तीन ठिकाणी येऊन थांबतात. पहिली डेन कुकची. तो त्या काळातला तुफान गाजलेला स्टँडअपवाला. २००५ चा त्याचा विनोदी अल्बम बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेला होता. ज्यांना तो आवडायचा त्यांनी सिनेमा डोक्यावर घेतला, ज्यांना त्याचा आवाज ऐकवत नाही त्यांना दहाव्या मिनिटाला उठावंसं वाटलं. दुसरी तक्रार एमीची, आणि ती मला पूर्ण पटते. ही मुलगी गाडीच्या जोडीला ठेवलेलं दुसरं बक्षीस आहे. तिला स्वतःचं म्हणून काही करायला दिलेलंच नाही. जेसिका सिम्पसनला या भूमिकेसाठी रॅझीचं, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट अभिनयाचं नामांकन मिळालं. पण कागदावर नसलेली भूमिका कुणीही केली असती तरी काय वेगळं झालं असतं? तिसरी तक्रार लांबीची. पावणेदोन तास म्हणजे या मालाला वीस मिनिटं जास्त झाली.

गंमत अशी की शिव्या घालणारेसुद्धा डॅक्स शेपर्डला वगळून घालतात. विन्स जिथे येतो तिथे सिनेमा जागा होतो. गिऱ्हाइकाचं सामान हवेत फेकत स्कॅन करण्याची त्याची ऐट, पलीकडे झेलायला उभा असलेला त्याचा चेला होर्हे, मॅनेजरपुढची ती तुपाळ लाचारी. असा माणूस प्रत्येक ऑफिसात एक असतो आणि तो हरावा असं आपल्याला मनापासून वाटतं. हा सिनेमा आपल्याला ते वाटू देतो, निर्मळ मनाने, काही न टोचता.

‘द प्रमोशन’ नेमकं तेवढंच करू देत नाही.

शिकागो. डोनाल्डसन्स नावाची किराणा दुकानांची साखळी. डग (शॉन विल्यम स्कॉट) तिथे असिस्टंट मॅनेजर. जवळच नवी शाखा निघणार आहे आणि तिथलं मॅनेजरपद तुझंच, असं त्याला वरून सांगितलेलं आहे. तो त्या शब्दावर विसंबून घरी बायकोला (जेना फिशर) सांगून टाकतो. दोघांना पातळ भिंतींच्या भाड्याच्या घराचा कंटाळा आलाय; ते नव्या घरासाठी पैसे भरून मोकळे होतात, आणि ते पैसे परत मिळणारे नाहीत. मग कॅनडातल्या शाखेतून रिचर्ड (जॉन सी. रायली) बदलून येतो. सज्जन, देवभोळा, व्यसनातून नुकता बाहेर पडलेला, कानाला आत्मविश्वास वाढवणाऱ्या टेपा लावून फिरणारा. त्यालाही एक बायको आहे, एक मुलगी आहे आणि तीच खुर्ची हवी आहे.

म्हणजे खलनायक कुणीच नाही. दोघंही जरा घाबरट आणि जरा खोटे, एरवी चांगली माणसं. एकमेकांच्या वाईटावर टपलेले असतात आणि दुसऱ्याचं वाईट झालं की ओशाळतात. दुकानाच्या पार्किंगमध्ये टोळकं उभं राहून गिऱ्हाइकांना त्रास देतंय, त्याचं काय करायचं, ही मॅनेजर होऊ पाहणाऱ्याची परीक्षा. आणि त्या परीक्षेत दोघंही वेगवेगळ्या प्रकारे तोंडावर आपटतात. हशा येतो, पण दाबलेला. वरिष्ठांसमोर आपण एखादं वाक्य बोलून गेलो आणि ते बोलताबोलताच कळलं की गेलं काम, अशा वेळी पोटात जे होतं, त्यातला हा विनोद आहे.

लेखक-दिग्दर्शक स्टीव्ह कॉनराड. ‘द परस्यूट ऑफ हॅपीनेस’ची पटकथा याचीच, २००६ ची. पोटापाण्यासाठी धडपडणारा बाप हा त्याचा विषयच आहे. इथे त्याने असे दोन बाप घेऊन समोरासमोर उभे केले. (डगच्या घरात अजून पाळणा हललेला नाही, पण हिशेब तोच मांडला जातोय.)

इतका नाजूक सिनेमा लोकांनी काय समजून उचलला असेल ते कलाकारांची नावं वाचूनच कळतं. शॉन विल्यम स्कॉट म्हणजे ‘अमेरिकन पाय’मधला तो वाह्यात स्टिफलर. जॉन सी. रायली म्हणजे विनोदी नट विल फेरेलबरोबर धुडगूस घालणारा. त्यांचा ‘स्टेप ब्रदर्स’ त्याच उन्हाळ्यात आला होता. जेना फिशर म्हणजे ‘द ऑफिस’मधली पॅम. सॅटर्डे नाईट लाइव्ह या विनोदी टीव्ही कार्यक्रमातला फ्रेड आर्मिसन मॅनेजर, आणि मध्येच जेसन बेटमनही चमकून जातो. ही यादी वाचून जो डिस्क घेईल त्याला मिसळ-पाव मिळेल असंच वाटणार. ताटात येतो वरणभात. वरणभात उत्तम आहे, पण मिसळ मागवलेल्या माणसाला ते सांगून काही उपयोग नसतो. ‘हसूच आलं नाही’, ‘घडतच काही नाही’ या तक्रारी बहुतेक इथूनच निघतात. मला त्यातली एक मात्र खरी वाटते: शेवटच्या वीसेक मिनिटांत कॉनराड दोघांनाही इतका जपतो की गोष्टीला टोक राहत नाही.

हा सिनेमा थिएटरांत जवळजवळ कुणी पाहिलाच नाही. जून २००८ मध्ये मोजक्या पडद्यांवर लागला आणि अमेरिकेत चार लाख डॉलरांच्या आसपास कमावून उतरला. ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ने तिथेच पावणेतीन कोटींहून जास्त कमावले होते. त्यामुळे ‘द प्रमोशन’बद्दल ज्याचं काही मत आहे तो बहुधा घरी, सोफ्यावर बसून पाहिलेला माणूस. डीव्हीडी सप्टेंबर २००८ मध्ये आली. माझ्या मते हा सिनेमा घरीच बघण्याचा आहे. भरलेल्या थिएटरात यातल्या शांतता अंगावर आल्या असत्या. पहिल्याचं उलट: तो एकट्याने बघू नये. सोबत हसणारं कुणी नसेल तर त्यातले निम्मे विनोद खोकल्यासारखे कोरडे ऐकू येतात.

पहिला मी पाहिला तो असाच, चौघांत. तेव्हा अमेरिकेत शिकत होतो. नेटफ्लिक्स टपालाने लाल पाकिटातून डिस्क पाठवायचं, आम्ही चार रूम पार्टनर मिळून एक वर्गणी भरायचो आणि पाकिटात काय आलंय यावरून भांडायचो. चौघांतल्या कुणीच तोवर पगाराची नोकरी केलेली नव्हती. विन्स हरावा म्हणून आम्ही आरडाओरडा केला.

दुसरा पाहिला त्यानंतर काही वर्षांनी, पुण्यात. मधल्या काळात एका कंपनीत टीम लीडच्या एका जागेसाठी मी आणि शेजारच्या टेबलावरचा एक जण, असे दोघंच उरलो होतो. दोन महिने आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला. त्याची बायको भरली वांगी फार सुरेख करायची, आणि ती खाता खाता मी मनात त्याच्या चुका मोजायचो. त्यालाही माझ्या पाठ असणार. जागा कुणाला मिळाली ते सांगत नाही, पण त्यानंतर डबे वेगवेगळे झाले. तेव्हा ‘द प्रमोशन’मध्ये डग आणि रिचर्ड एकमेकांशी जे अवघडलेलं हसतात, ते मला अभिनय वाटलं नाही. झोपलेला मित्र तो हाच सिनेमा बघताना झोपला, आणि त्याने आयुष्यात दुसऱ्याच्या हाताखाली एक दिवस काम केलेलं नाही, घरचा धंदा.

तर ठरवायचं कसं? घरात पोरं मोठी असतील, पाहुणे असतील, पॉपकॉर्नचा बेत असेल तर ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’. त्याला पीजी-१३ (तेराखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं) प्रमाणपत्र आहे, पण त्यावर जाऊ नका. चावट विनोद भरपूर आहेत, आणि आजी-आजोबांच्या शेजारी बसून एमीबद्दलची कुजबुज ऐकणं अवघड जातं. ‘द प्रमोशन’ला आर (सतराखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघावा असं) प्रमाणपत्र आहे, मुख्यतः शिवराळ भाषेमुळे, तो मुलांसमोर लावू नये, आणि लावला तरी मुलांना काही कळणार नाही, ती उठून जातील. दोघा नवरा-बायकोने जेवणं उरकल्यावर बघावा असा तो आहे. दीड तासाच्या आत संपतो. फक्त घराच्या कर्जाचा अर्ज बँकेत पडलेला असेल तर पुढे ढकला. डगचं ते आधीच भरून बसलेलं पैशांचं प्रकरण तुम्हाला हसू देणार नाही.

सबटायटल दोन्हींना लावाच. विन्स भराभर बोलतो म्हणून, आणि ‘द प्रमोशन’मध्ये डग सगळी गोष्ट हळू आवाजात सांगत राहतो म्हणून. लिली टेलरने रिचर्डच्या बायकोला स्कॉटिश हेल दिलाय; तिची दोन वाक्यं मला तिसऱ्या खेपेला कळली.

डिस्क विकत घेणार असाल तर एक बघून घ्या. डिस्क कुठल्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल ते तिच्या रीजनवर ठरतं; अमेरिकेतून कुणी आणून दिलेली डीव्हीडी रीजन १ ची असते, आणि भारतातले प्लेअर रीजन ५ चे. सगळे रीजन चालवणारा प्लेअर नसेल तर ती चकती फक्त टीपॉयवर शोभेल. माझ्याकडे अशी एक दोन वर्षं कपाखाली होती.

आणि दोन्ही एकाच सुट्टीत बघायचे ठरवलेत तर आधी ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ लावा. मी एकदा उलट क्रमाने लावून पाहिले. ‘द प्रमोशन’ डोक्यात ताजा असताना विन्स पडद्यावर आला, सतरा फोटोंखाली उभा राहून अठराव्याची वाट बघत, आणि मला त्याची कीव यायला लागली. याच्या घरी कोण असेल, असं मनात आलं. त्यानंतर त्या सिनेमात हसायला काही उरलं नाही.